सोडायचा सूर

मी बोसनची, म्हणजे जहाजावरच्या खलाशांच्या मुकादमाची शिट्टी बोलतेय. नाव ऐकून लगेच पोलिसाची नाहीतर शाळेच्या पीटीची शिट्टी डोळ्यांपुढे आणू नका. तो अपमान मी खूप सोसलाय. माझी पितळी नळी वीतभर लांब आणि जराशी वाकडी, टोकाला बोराएवढा पोकळ गोळा. गोळ्यावर बोटं मिटली की माझा सूर चढतो, सोडली की उतरतो. युद्धनौकेवर माझ्या सुरावर माणसं उठतात, जेवतात आणि निशाणापुढे उभी राहतात. सध्या मात्र मी दौंड तालुक्यातल्या खुटबावात, एका घराच्या देवळीशेजारी खिळ्याला टांगलेली असते. दारातून उसाशिवाय काही दिसत नाही.

मला इथं आणलं हरिबानं. तो मेंढक्यांच्या घरातला. त्याच्या जन्मापर्यंत घर एका जागी बसलं होतं, शेती करू लागलं होतं, पण मेंढरं पुरती सुटली नव्हती आणि तोंडातली शीळ तर मुळीच नाही. नौदलात भरती होऊन पहिल्यांदा जहाजावर चढला तेव्हा डेकवर शेदोनशे माणसांची पळापळ चाललेली. ते पाहून या पठ्ठ्यानं सवयीनं दोन बोटं तोंडात घातली आणि कळप आवरायची शीळ ठोकली. सगळं डेक जागच्या जागी थबकलं.

जहाजावर तोंडानं शीळ घालायची नसते. शिळेनं वादळ येतं असं जुने खलाशी मानतात, आणि हुकमाच्या शिट्टीत घोटाळा होतो हे तर खरंच आहे. म्हातारा बोसन तरातरा आला. आता हा पोरगा मार खाणार असं सगळ्यांना वाटलं. बोसननं स्वतःच्या गळ्यातली साखळी काढून त्याच्या गळ्यात घातली. "सीटी का इतना शौक है? तो ये बजा," एवढंच म्हणाला. त्या साखळीला मी होते. त्या दिवसापासून मी हरिबाची झाले.

बोसननं त्याला आधी दोनच सूर शिकवले. एक थांबायचा. तो लांब आणि चढा, एका श्वासात ओढायचा. तो वाजला की जो जिथं असेल तिथं ताठ उभा राहतो, हातातलं काम हातात राहतं. दुसरा सोडायचा. तो आखूड, वरून खाली येणारा. तो वाजेपर्यंत कुणी हलत नाही, मग पाऊस असो की ऊन. रोज सूर्यास्ताला निशाण उतरतं तेव्हा आधी थांबायचा सूर, निशाण खाली आलं की सोडायचा. बोसन बजावून सांगायचा की पहिला कुणीही वाजवील, दुसरा विसरायचा नाही.

पुढे काही वर्षांनी एक नवी युद्धनौका बांधून तयार झाली. त्या घडणीच्या दोन होत्या, त्यातली ही आधीची, म्हणून आम्ही तिला थोरली म्हणायचो. तिच्यावर पहिल्यांदा निशाण चढलं तेव्हा शिट्टी वाजवायला हरिबा होता. त्या संध्याकाळी कठड्यावर तळवा ठेवून तो तिच्याशी बोलला. "तुजं निशाण चढवताना म्या वाजवली. शेवटचं उतरंल तवा बी म्याच वाजवीन." शेजारी कोरेगाव भीमाचा भिमा दोर गुंडाळत होता. त्यानं ते ऐकलं आणि पुढे आयुष्यभर त्यावरून हरिबाची चेष्टा केली.

थोरली फार राबली. वादळात उलटलेल्या होड्यांवरची माणसं तिनं उचलली, सीमेवर ताण असताना दिवे मालवून महिना महिना पाण्यात उभी राहिली. तिच्या पोटातल्या यंत्रांची घरघर मला हरिबाच्या छातीतून ऐकू यायची. लोकांना वाटतं लढाऊ जहाज म्हणजे रोज तोफा. खरं तर रोज गंज खरवडणं आणि रंग देणं असतं, आणि घरची वाट पाहणं.

घरी म्हाळसा होती, हरिबाची बायको. ती लग्नाआधी बापाच्या मेंढरांमागं रानोमाळ चाललेली, हरिबापेक्षा खणखणीत शीळ घालणारी. मला तिनं पहिल्या दिवसापासून सवत ठरवलं. हरिबा निवृत्त होऊन मला घरी घेऊन आला, दर आठवड्याला चिंचेनं घासू लागला, तेव्हा ती सुनेला म्हणायची, "बघ सुषमा, माज्या पैंजणाला कवा येवढं घासलं न्हाई." घरातल्या साऱ्या वस्तू तिनं पुसल्या, मला सोडून. मला तिचा राग येत नसे. तिचा माणूस मी वर्षानुवर्षं वापरला होता.

गेल्या वर्षी हरिबाला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजायचं सगळं, बोलता काही येईना. आणि तशातच भिमाचा फोन आला. सुषमानं तो स्पीकरवर टाकून सासऱ्याच्या उशाशी धरला.

"आबा, थोरली मोडीत निघाली," भिमा म्हणाला. "उद्या दिवस मावळला की निशाण कायमचं उतरणार. जुन्या लोकास्नी बोलावलंय. आत मोबाईल नेऊ देत न्हाईत, न्हाईतर दाखवलं असतं तुमास्नी. मी तुमच्या वाटचा उभा ऱ्हातो." मग म्हणाला, "तुमी शब्द दिला व्हता, म्हून सांगितलं."

हरिबानं डावा हात उचलून खिळ्याकडे बोट केलं. मला खाली घेतलं गेलं. रात्रभर मी त्याच्या मुठीत होते.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर त्यानं खाट अंगणात काढायला लावली आणि पश्चिमेला तोंड करून बसला. सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकला तसं त्यानं मला ओठांना लावलं. वाकडे झालेले ओठ मिटेनात. वारा कडेनं फुसकन निघून गेला. त्यानं पुन्हा फुंकून पाहिलं, पुन्हा. माझ्यातून नुसता श्वास गेला. मी पितळेची आहे, मला रडता येत नाही. त्याला येत होतं.

"आबा, ऱ्हाऊ द्या," सुषमा म्हणाली.

"न्हाई," म्हाळसा म्हणाली. ती चुलीपासून उठून आली, पदराला हात पुसले आणि त्याच्या मुठीतून मला सोडवलं. इतक्या वर्षांत तिचा हात मला पहिल्यांदा लागला. "दात ऱ्हायलं न्हाईत, शीळ येत न्हाई आता. हिच्यातनं येती का बघती."

तिला बोटं मिटणं ठाऊक नव्हतं. सूर उघडा, खालचा निघाला, पण लांब निघाला. कळप आवरायचा सूर होता तो. हरिबा ताठ झाला. उजवा हात उठत नव्हता म्हणून त्यानं डावा कपाळाला लावला. डाव्या हाताची सलामी नियमात बसत नाही, आणि ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

सूर्य बुडाला. हरिबाचा हात खाली येईना. अंधार पडू लागला, तरी तो तसाच.

"आत्या, पुन्हा काय झालं म्हणायचं? डॉक्टरला फोन लावू का?" सुषमा घाबरली.

मला ठाऊक होतं तो कशाची वाट पाहतोय. पण कुणी फुंकल्याशिवाय मी काय बोलणार?

म्हाळसा त्याच्याकडे बघत राहिली. मग हलकेच म्हणाली, "व्हय गं. मेंढरं थांबवली तर सोडावी बी लागत्यात. म्या सोडलंच न्हाई त्यांला." तिनं मला पुन्हा तोंडाला लावलं आणि कळप पुढं काढायचा सूर वाजवला, आखूड. हरिबाचा हात मांडीवर आला. त्यानं डोळे मिटले, आणि म्हाळसा त्याच्या पायाशी बसली.

थोरली आता कुठल्याशा किनाऱ्यावर तोडायला घेतली असेल. हरिबा दिवाळीच्या आधी गेला. त्याला घरातून बाहेर काढलं तेव्हा भिमा जवळ उभा होता. "वैनी, वाजवा," म्हणाला. म्हाळसानं मला पदराखालून काढलं. थांबायचा सूर तिनं वाजवलाच नाही. दुसराच वाजवला, सोडायचा, आणि मग माणसांनी पाऊल उचललं.

आता म्हाळसा मला चिंचेनं घासते. परवा सुषमा म्हणत होती की काचेच्या पेटीत ठेवू, शोभून दिसेल. माझी एवढीच विनंती आहे, मला खिळ्यालाच राहू द्या, म्हाळसाचा हात पोहोचेल अशा खिळ्याला. आणि तिची वेळ येईल तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी मला उचला. सूर चुकला तरी चालेल. तिला सोडायला विसरू नका.