मरणानंतरचा पेपर

माझ्या मुलीने पदवीला धर्म हा विषय घेतला, तेव्हा गिऱ्हाइकांची चांगलीच करमणूक झाली. मी सोफे दुरुस्त करतो. जुनं कापड फाडायचं, बसलेल्या स्प्रिंगा बदलायच्या, नवा फोम घालायचा आणि वर कव्हर ठोकायचं. कव्हरं बायको शिवते. दुकानात थांबलेल्या माणसाला बोलायला काहीतरी लागतंच. एकाने विचारलं, मुलगी आता आशीर्वाद द्यायला बसणार का. दुसरा म्हणाला, सोफ्याबरोबर माझी पापंही धुऊन मिळतात का बघा. मी तोंडात खिळे धरून काम करतो, त्यामुळे उत्तर द्यावं लागत नाही. या धंद्यात तेवढंच एक सुख आहे.

खरं तर माझंही डोकं फिरलं होतं. धर्म शिकायला पदवी कशाला लागते? ज्यांना देव हवा असतो ते न शिकताच हात जोडतात, आणि माझ्यासारखे सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपतात. मी म्हटलं, हिशेब शीक, नाहीतर कॉम्प्युटर शीक. चिऊ ऐकेना. घरात तिला आम्ही चिऊच म्हणतो. मला वाटलं, आई तरी तिचे कान उपटेल. उरलेल्या कापडाची चिंधीसुद्धा टाकू न देणारी बाई ती, असला उद्योग कशी खपवून घेईल? पण ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, जाऊ द्या तिला.

कारण मला दुसऱ्या दिवशी चहा पिताना कळलं. "ती शिकली की आपल्याला कळेल," ती म्हणाली. मी विचारलं, काय कळेल? "दादा कुठे आहे ते."

दादा म्हणजे आमचा पहिला मुलगा. चार वर्षांचा असताना तापाने गेला. चिऊ त्याच्यानंतरची, तिने त्याला पाहिलेलंही नाही, पण नात्याने तो तिचा दादा, म्हणून घरात सगळ्यांचाच दादा झाला. ती एकवीस वर्षांची झाली तरी तिचा दादा चारच वर्षांचा. तो गेला तेव्हा लोकांनी आमची नाना तऱ्हांनी समजूत घातली. देवाला आवडला म्हणाले, तेवढंच आयुष्य घेऊन आला होता म्हणाले. बायकोने सगळं ऐकून घेतलं. तिचा प्रश्न वेगळाच होता आणि त्याला कोणी हात घालत नव्हतं. तो तिकडे अजून चारच वर्षांचा आहे, की वाढला? वाढला असेल तर आपण गेल्यावर तो आपल्याला ओळखेल का? आणि वाढला नसेल तर त्याच्याजवळ कोण असतं? हात धरल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. ती हे मला विचारायची, तेव्हा मी खिळे तोंडात घालायचो.

तर चिऊ शिकायला परगावी गेली आणि बायको वाट बघत बसली. पहिल्या वर्षी त्यांना धर्म म्हणजे काय एवढंच शिकवलं, आणि वर्ष संपलं तरी त्याचं उत्तर काही ठरलं नाही म्हणे. मी कपाळावर हात मारला. बायको म्हणाली, पाया पक्का करत असतील. दुसऱ्या वर्षी, आता कोणीच लिहीत नाही अशी एक लिपी चिऊ शिकली, आणि वेगवेगळ्या लोकांच्या प्रार्थनांना जाऊन मागे बसून आली. बायको म्हणाली, महत्त्वाचं असतं ते शेवटाला ठेवतात. तिसऱ्या वर्षी चिऊने फोनवर सांगितलं की तिने एक जादा पेपर घेतलाय, मरणोत्तर जीवनाच्या कल्पना. बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "आलं बघा," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. त्या वर्षी ती मशीन चालवताना गुणगुणायची.

परीक्षा संपवून चिऊ घरी आली. आई बाजारात गेल्याची वेळ साधून मी तिला दुकानात बसवलं आणि सरळ विचारलं, आईला काय सांगणार आहेस. आई कशाची वाट बघतेय, ते तिला ठाऊक होतं. तो पेपरही तिने आईसाठीच घेतला होता. वाटलं होतं, शोधता शोधता हाती काहीतरी लागेल.

"पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, बाबा. कोण काय मानतं आणि का मानतं, ते शिकायचं. त्यातलं खरं काय, हे विचारायचं नाही."

मी म्हटलं, सरांचं काय जातंय. तू आईला एकच वाक्य सांग, तो मजेत आहे आणि वाट बघतोय. कोण जाऊन तपासणार आहे? चिऊ एका खुर्चीच्या हाताची निघालेली पट्टी नखाने सोलत राहिली. म्हणाली, आईशी खोटं बोलायला जमणार नाही. मी भडकलो. एवढं शिकून दोन धीराचे शब्द बोलता येत नसतील तर त्या शिक्षणाला काय चुलीत घालायचं आहे, असंही म्हणालो.

त्याच संध्याकाळी बायकोने काम लवकर आवरलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. एका गिऱ्हाइकाच्या सोफ्याला नवा फोम घातला होता, कव्हर चढायचं होतं. त्यावर ती पाठ ताठ ठेवून बसली, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसावं तशी. चिऊला तिने समोरच्या स्टुलावर बसवलं. मी बायकोच्या मागे हातोडी घेऊन उभा होतो, ठोकायला काही नव्हतं तरी.

"शिकलीस ना ते सगळं?"

चिऊ हो म्हणाली.

"मग सांग."

मी मान्य करतो, पोरगी सुरेख बोलली. काहींच्या मते मूल तिकडे मूलच राहतं, त्याला मोठं व्हायची गरजच नसते. काहींच्या मते तिकडे सगळेच ऐन तारुण्यात असतात, म्हातारा गेला तरी आणि बाळ गेलं तरी. काहींच्या मते आईवडील येईपर्यंत दुसरं कोणीतरी मुलाला सांभाळतं. काहींच्या मते मागे काहीच उरत नाही. आणि काहींच्या मते तो केव्हाच दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जन्मला. गिऱ्हाईक मापं सांगतं तेव्हा ऐकते तशी बायको ऐकत होती, एकही आकडा सुटू नये अशी. शेवटच्या वाक्याला तिने दोन्ही हात फोमवर दाबले.

"आणि यातलं खरं कुठलं?"

"ते आम्हाला शिकवत नाहीत, आई."

"शेवटच्या वर्षालाही नाही?"

"नाही."

बायको फोमवरून पुढे सरकली. मग हळू आवाजात म्हणाली, "वाईट आहे का गं? म्हणून सांगत नाहीयेस?"

चिऊ कासावीस झाली. तिने आईचे हात धरले, शपथ घेतली, परत परत सांगितलं की तिला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. पण ती जितकं सांगत होती तितकी बायको खचत होती. पाठमोरी असूनही मला ते दिसत होतं, तिचे खांदे खाली आले होते. मला बघवेना. मी हातोडी खाली ठेवली आणि बायकोच्या मागून चिऊला हात जोडले. कुठल्या देवापुढे कधी जोडले नाहीत, ते पोटच्या पोरीपुढे जोडले.

चिऊने मला पाहिलं. तिने श्वास घेतला.

"तो बरा आहे, आई. तो मोठा झालेला नाही. तू गेलीस की लगेच ओळखेल तुला."

आणि क्षणभर मलाच बरं वाटलं. खोटं मीच बोलायला लावलं होतं, तरीही. चला, बरा आहे पोरगा, असं मनात आलं. इतकी वर्षं मीसुद्धा वाट बघत होतो, हे मला तेव्हा कळलं.

"आत्तापर्यंत तू प्रत्येक वेळी 'काहींच्या मते' म्हणालीस," बायको म्हणाली. "आता नाही म्हणालीस."

तिने चिऊच्या डोक्यावरून हात फिरवला. रागावली नाही. बिचारी, म्हणाली, असलं सगळं एकटीने शिकलीस, आणि आम्हाला त्रास नको म्हणून पोटात ठेवलंस. चिऊ हमसून हमसून रडायला लागली, तेही बायकोने भलत्याच अर्थाने घेतलं. मग ती उठली, शटर वर केलं आणि जेवायला काय करू, असं विचारलं.

चिऊने पुढे शिकायचा विचार सोडला. आता ती दुसऱ्या गावी एका कचेरीत नोकरी करते. फोन आला की बायको तिला जेवणखाण विचारते, झोप विचारते. दादाचा विषय तिने परत काढलेला नाही, माझ्यापाशीसुद्धा नाही.

पूर्वी तिला मरणाचं काही वाटत नसे. रक्तदाबाची गोळी मी मागे लागल्याशिवाय घ्यायची नाही, रस्त्यात बेधडक घुसायची. मी ओरडलो की हसून म्हणायची, मला कसली भीती, माझं माणूस आहे तिकडे. आता गोळी वेळच्या वेळी घेते. हे मी चिऊला फोनवर सांगितलं तेव्हा तिला बरं वाटलं. मी तिला तसंच वाटू दिलं.

परवा आम्ही कव्हरांचं कापड आणायला गेलो होतो. रस्ता ओलांडायचा होता आणि तिने माझं मनगट असं काही घट्ट धरलं की हातातलं गाठोडं पडता पडता राहिलं. मी म्हटलं, अगं चल, गाडी अजून लांब आहे.

"असू द्या," ती म्हणाली. "मला आता तिकडे जायची घाई नाही."

आम्ही ती गाडी जाऊ दिली. तिच्यामागची रिकामी बसही जाऊ दिली.