उघडी ठेवायची जखम

आजोबांनी इस्पितळात जखमांची मलमपट्टी करणारे ड्रेसर म्हणून छत्तीस वर्षे काढली होती. जखम पाहून ती किती दिवसांत भरेल हे ते सांगत, आणि सहसा चुकत नसत. म्हणूनच नऊ वर्षांच्या नातीवरचा उपचार त्यांच्या पचनी पडेना.

गालाची सूज किडक्या दुधाच्या दाढेमुळे असावी असे समजून आधी औषधे झाली. सूज हटली नाही. मग शल्यचिकित्सक बाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. हाडात गोटीएवढी काळी पोकळी होती आणि तिच्या तळाशी ढकलला गेलेला कायमचा दात.

"ही पाण्याची पिशवी आहे. सगळी काढली तर दातही जाईल. दुधाची दाढ काढून तिथे खिडकी, म्हणजे उघडं भोक ठेवलं, तर पाणी निघत राहील, हाड भरेल, दात वर येईल. पिशवीचा तुकडा तपासणीला पाठवूच. मात्र खिडकी बुजता कामा नये."

तुकड्यात घातक काही निघाले नाही. खिडकीत प्लास्टिकचे बूच बसले. ते दिवसातून दोनदा काढून सिरिंजने आत मिठाचे पाणी सोडायचे. सून नोकरीला जाई, म्हणून हे काम आजोबांकडे आले.

"आबा, माझं तोंड आहे ते, मोरी नाही!"

"गप गं, आ कर."

तिसऱ्या आठवड्यात बूच टोचू लागले. कडा गुलाबी झाल्या होत्या, मांस छान धरत होते. जन्मभर ज्याची वाट पाहिली तेच समोर दिसत होते. आजोबांनी बूच काढले ते पुन्हा बसवलेच नाही. सुनेने विचारले की म्हणत, "झकास चाललंय."

तपासणीच्या दिवशी खिडकी मिटलेली होती. बाईंनी सुनेकडे पाहिले.

"बूच बसवत नव्हता का? आत पाणी साठलंय पुन्हा."

"अहो, मी रोज विचारत होते..." सुनेचा चेहरा उतरला.

"तिला बोलू नका," आजोबा म्हणाले. "मी काढलं. जखम भरतेय म्हणून खूश होतो." मग हळूच विचारले, "दात गेला का?"

"वेळ गेलेली नाही. पण पुन्हा उघडावं लागेल."



दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर आजोबा रोज बूच बसवण्याआधी सुनेला हाक मारत. "बघून घे, उघडी आहे." ती वाकून नीट पाही, मगच मान हलवी.

चौथ्या महिन्याच्या एक्स-रेत पोकळी आक्रसली होती आणि दात जरासा वर सरकला होता. बाईंनी कौतुक केले नाही. उथळ झालेल्या पोकळीसाठी बूच कापून थोडे आखूड केले आणि पुढची तारीख लिहून दिली.