सुराला वळसा

"झालं बघा," म्हणत कार्सोनोने काशाच्या पट्टीवर लाकडी हातोडीचा टोला दिला. "कसं वाटतंय?"

"झकास, काका," ढोलवाला मार्तो म्हणाला.

"तुमच्या हाताला तोड नाही," सरपंचांनी री ओढली.

मंडपातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कार्सोनोची मुलगी विनार्ती तेवढी खाली मान घालून घासताना सांडलेला काशाचा कीस फडक्याने टिपत राहिली. पण ती तशीही कधी बोलत नसे. बापाची हत्यारे उचलायची, फडके फिरवायचे आणि गप्प बसायचे, यातच तिची चाळिशी उलटली होती.

उद्या गाव निर्मळ करण्याचा वार्षिक सण होता, आणि रात्रभर सावल्यांचा खेळ. त्याआधी गावाचा गामेलान, म्हणजे काशाच्या वाद्यांचा ताफा, सुरात लावायला नेहमीप्रमाणे कार्सोनोलाच बोलावणे गेले होते. जावातल्या या टेकड्यांत प्रत्येक गावच्या गामेलानचा आवाज निराळा. एका गावची पट्टी दुसऱ्या गावात चालत नाही. तो आवाज राहतो फक्त सूर लावणाऱ्याच्या कानात. आणि कासे एकदा घासले की घासले, ते परत भरता येत नाही.

"लास्मी, एखादं पद म्हणून बघ गं," कार्सोनो म्हणाला.

गाणारी लास्मी सावरून बसली. वाद्ये वाजू लागली. एरवी कार्सोनो डोळे मिटून ऐके. आज घाम पुसायला त्याने ते उघडले, म्हणून त्याला दिसले. त्याने आत्ताच लावलेल्या पट्टीवर टोला पडायची वेळ आली की लास्मी श्वास घेत होती. फिरून तीच जागा आली, तिने फिरून श्वास घेतला. रस्त्यातला खड्डा ठाऊक असलेला सायकलवाला बाजूने काढतो, तशी ती त्या सुराला वळसा घालत होती. मार्तो त्या वेळी नेमका जमिनीकडे बघत होता.

कार्सोनोने हातोडी खाली ठेवली. त्याला तर सगळे सुरात ऐकू येत होते.

"विनार्ती, जरा बाहेर चल."

फणसाखाली तो थांबला. "खरं सांग. झकास-बिकास नकोय मला."

"सूर चढलाय, बाबा."

"फक्त आजच?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"करांगसारी गावचं काम केलं होतं आपण, ते?"

"ते पण. तुम्ही येऊन गेल्यावर त्यांनी वाद्यं झाकूनच ठेवलीत. सणाला दुसरीकडून मागून आणतात."

"आणि रस्त्यात भेटले की वाकून नमस्कार करतात! केळ्यांचे घड पाठवतात!"

"म्हाताऱ्या माणसाला तोंडावर कोण सांगणार, बाबा?"

"तू सांगायचंस."

"ऐकलं असतंत?"

कार्सोनोला आधी राग आला, आणि मग इतकी लाज वाटली की त्याने झाडाला हात टेकला. एका गावाचा आवाज त्याने आपल्या हाताने घासून टाकला होता.

"तुला कसं कळलं, चढलाय ते?"

"जन्मभर तुमच्या शेजारी बसले. कान काय घरी ठेवून येत होते?"

बायकांच्या हाती कानस द्यायची नाही, असे त्याच्या बापाने सांगितले होते. का, ते त्याने कधी विचारले नव्हते.

मंडपात परतल्यावर त्याने सगळ्यांदेखत कानस विनार्तीच्या हातात ठेवली.

"काका, अहो, छानच तर झालंय," सरपंच गडबडले. "आता तिला कशाला..."

"मला ऐकू येत नाही, सरपंच. तुम्हाला येतंय. मग पुरे करा हे."

 विनार्तीने पट्टी उलटी केली आणि चढलेला सूर उतरवायला पोटाकडून, मधोमध, बेताबेताने घासू लागली.  तिने टोला दिला, ऐकले, थोडे आणखी घासले, पुन्हा टोला दिला. मग सवयीने बापाकडे वळली.

"झालं का, बाबा?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. 'झालं' हा शब्द त्याच्या ओठांवर आलाही होता.

"मला कळत नाही, पोरी," कार्सोनो म्हणाला. "लास्मीला विचार."

लास्मीने पद धरले. ती त्या जागेपाशी आली, आणि या वेळी श्वास न घेता त्या सुरावर उभी राहिली. मार्तोने डोळे मिटले.

कार्सोनोला काहीच फरक कळला नाही. तो विनार्तीच्या डाव्या बाजूला, इतकी वर्षे ती बसायची त्या जागी बसला होता. त्याने फडके उचलले आणि तिच्या पुढ्यात सांडलेला कीस टिपायला घेतला.