झाकण कुठंय?

रविवारी सकाळी संध्यानं वॉशिंग मशीनचं पाणी सोडलं आणि ते बाथरूमच्या जाळीतून वर आलं. आधी साबणाचा फेस, मागून काळपट पाणी, आणि मग असा वास की तिनं ओढणी नाकाला लावून दार ओढून घेतलं. संडासातलं पाणी कालपासूनच रेंगाळत उतरत होतं. तिच्या नवऱ्यानं, भारतनं, त्यात दुकानातली पावडर ओतली होती आणि मोठं काम केल्यासारखा झोपून गेला होता.

"अहो, नुसतं भांडं न्हाई तुंबलेलं," तिनं त्याला उठवलं. "बाहेरची मोठी लाईनच चोक झालीय."

भारत रोज बदनापूरहून रेल्वेनं जालन्याला कामाला जायचा. हातात रविवार तेवढा एक. तरी तो तसाच गाडीवर जाऊन बबलू प्लंबरला घेऊन आला. बबलूनं खांद्यावरची पाईप मोकळा करायची लांब स्प्रिंग खाली ठेवली, बाथरूम पाहिलं, संडास पाहिला आणि विचारलं, "चेंबर कुठंय?"

सगळे अंगणात आले. कोपऱ्यातलं बदामाचं झाड सोडलं तर फाटकापासून पायरीपर्यंत सगळं अंगण गुळगुळीत फरशीनं चकाकत होतं. भारतच्या बहिणीच्या, सत्यशीलाच्या, लग्नानंतर त्यानं ही फरशी बसवून घेतली होती. मिस्त्रीनं चेंबरच्या झाकणावरूनही इतक्या सफाईनं फरशी नेली होती की येणारा-जाणारा कौतुक करायचा. तो मिस्त्री आता पुण्याला होता आणि त्याचा फोन बंद होता.

"कंपाउंडच्या भिंतीला लागून," भारतचे वडील पुंजाराम म्हणाले. घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं, त्यामुळे आवाजात शंका नव्हती.

"न्हाई बाबा, फाटकाजवळ व्हतं," भारत म्हणाला.

बबलूनं हातोडीच्या दांड्यानं फरशी ठोकून कान लावला. "काका, समदीकडं एकसारखाच आवाज येऊन राह्यला."

वडीलधारे म्हणून पहिली फरशी पुंजारामांच्या शब्दावर फुटली. खाली माती आणि मुंग्या निघाल्या. दुसरी भारतच्या शब्दावर फुटली. तिथं तर मुंग्याही नव्हत्या.

"मॅडम, आता तुम्ही सांगा," बबलू म्हणाला. संध्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, म्हणून गावात तिला सगळे मॅडमच म्हणायचे. "तिसरी फोडायची तर बराबर जागेवर फोडू."

संध्याला आठवत होतं ते एवढंच, की सत्यशीलाची हळद याच अंगणात झाली होती आणि तेव्हा इथं माती होती.

"लग्नाची शूटिंग आहे ना आपल्याकडं?" तिनं विचारलं.

भारतनं कपाटातून पेनड्राईव्ह शोधून टीव्हीला लावला. बबलू हातपाय धुऊन उंबऱ्याशी चहा घेत बसला. पडद्यावर आधी बराच वेळ गुलाबाची फुलं उडाली, मग अंगण आलं. पण जमीन कुठं दिसेना. नाचणाऱ्यांचे पाय, चटया, खुर्च्या, परत पाय. आवाज तर नव्हताच, सगळ्यावर गाणी टाकलेली.

आणि मग मालनबाई दिसल्या.

त्या भारतच्या आई. गेल्या वर्षी वारल्या. त्यानंतर ही शूटिंग घरात कोणी लावली नव्हती. हिरवी साडी, हातात वाटी, आणि घाईघाईनं कुणाकडे तरी निघालेल्या. मंडपवाला जमिनीत बांबू ठोकत होता. मालनबाईंनी त्याचं मनगट धरून त्याला बाजूला केलं आणि टाचेनं जमिनीवर ठोकून दाखवलं. त्या टाचेखाली सिमेंटचं चौकोनी झाकण स्वच्छ दिसत होतं.

"थांबवा," बबलू म्हणाला. भारतनं बटण दाबलं. मालनबाई मंडपवाल्याला झापता झापता, तोंड उघडं ठेवून थांबल्या. "मागं किचनची खिडकी हाय. तिच्या बराबर समोर. चला."

भारत टीव्ही बंद करायला उठला.

"राहू दे चालू," पुंजाराम म्हणाले.

"मामा, जागा सापडली," संध्या सासऱ्यांना हळूच म्हणाली.

"सापडली ना. मंग तुम्ही फोडा जल्दी. मी बसतो हितंच."

खिडकीसमोरची फरशी फुटली आणि खाली झाकण निघालं. चेंबर काठोकाठ भरलेलं होतं. बबलूनं स्प्रिंग आत सरकवली, पण ती मध्येच अडली. भारत लांब उभा होता. संध्यानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो पँट वर दुमडून पुढं आला आणि स्प्रिंगचं हँडल फिरवू लागला. दोघांनी मिळून ओढलं तेव्हा घोड्याच्या शेपटासारखा मुळांचा लांब झुपका बाहेर आला. पाण्यानं एक गिरकी घेतली आणि बशीतला चहा ओढावा तसा आवाज करत ते खाली निघून गेलं. तिघंही त्या रिकाम्या चेंबरकडे कौतुकानं बघत राहिले.

"बाबा, तुमच्या बदामाच्या झाडाची मुळं हायेत ही," भारतनं खिडकीतून आवाज दिला.

"अन् झाकण कोणी बुजवलं?" आतून उत्तर आलं.

"भाऊ, वर्षातून एकदा उघडून पाहत जा," बबलू स्प्रिंग धुता धुता म्हणाला. "वरून परत फरशी बसवू नका."

तशी फरशी जालन्यातही मिळाली नाही. चेंबरवर भारतनं पुढच्या रविवारी लोखंडी झाकण बसवून घेतलं. उरलेल्या दोन खड्ड्यांपैकी भिंतीकडच्यात संध्यानं गवती चहा लावला, फाटकाजवळच्यात मोगरा.

चेंबर मोकळं झालं त्याच रविवारी संध्याकाळी सत्यशीलाचा फोन आला होता. "वहिनी, बाबांनी शूटिंग पाह्यली म्हणं. लई रडले का?"

"न्हाई ओ ताई. दोनदा पाह्यली. मंग मला म्हणले, 'तुझ्या सासूनं त्या मंडपवाल्याला काय झापलं असंल ते ऐकू यायला पाहिजे होतं. गाणी कशाला टाकली त्याच्यावर?'"

सत्यशीला हसली. तिला आई काय बोलली होती ते अगदी नीट आठवत होतं. तिनं ते शब्द न् शब्द सांगितलं, आणि संध्यानं फोन सासऱ्यांच्या हातात दिला.