पुसलेल्या पट्ट्या

मी एक जुना पितळी बर्नर आहे मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू गोड बोलतात म्हणे. मला ते जमणार नाही.

मला एका कारखान्यात ओतून, कातून, घासून बनवलं. तिथून मी थेट प्लास्टिकच्या प्रयोगशाळेत आलो. काम सरळ. प्लास्टिकची बोटभर रुंद पट्टी उभी टांगायची, खाली कापूस पसरायचा आणि माझी निळी ज्योत पट्टीच्या टोकाला दहा सेकंद लावायची. ज्योत काढल्यावर पट्टी आपोआप विझली तर पास. जळता थेंब पडून कापूस पेटला तर नापास. एकवीस वर्षांत मी कुणाचीही भीड ठेवली नाही.

तिथल्या संशोधक ताई दवाखान्यातल्या स्विचबोर्डांसाठी न पेटणारं आणि वर्षानुवर्षं टिकणारं प्लास्टिक शोधत होत्या. त्यांनी प्लास्टिकमध्ये आग रोखणारी एक भुकटी मिसळली. ताज्या पट्ट्या पटापट पास झाल्या. प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांचे पाय तर जमिनीला लागेनात. पण हे टिकतं का, ते बघायला काही पट्ट्या तीन महिने दमट कपाटात ठेवल्या होत्या. त्या माझ्यापुढे आल्या आणि भडाभडा पेटल्या हो! कापसाची राख झाली.

ताईंना काही उमगेना. तेवढ्यात साफसफाई करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, या पट्ट्यांवर सारखी पांढरी धूळ धरायची. मी आपली रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसून ठेवायचे."

ती धूळ नव्हती. आतली भुकटीच दमटपणामुळे बाहेर येत होती आणि मावशींच्या फडक्याबरोबर निघून जात होती.

साहेबांचा पारा चढला. "कुणी सांगितला होता हा नसता उपद्व्याप? सगळ्या प्रयोगाची वाट लावली! उद्यापासून कामावर येऊ नका."

"अहो साहेब, घरीसुद्धा बटणं पुसतोच की आपण," मावशी म्हणाल्या. "दवाखान्यात तर दिवसातून दोनदा पुसतात. मग तिथंही असंच व्हायचं ना?"

एवढी शिकलेली माणसं खोलीत, आणि हा प्रश्न सुचला एकट्या मावशींना! ताईंना तो पटला होता. मी त्यांचा चेहरा हातभर अंतरावरून पाहिला. पण साहेबांपुढे त्या मूग गिळून बसल्या. मावशींनी फडकं पिळलं, दांडीवर वाळत घातलं आणि त्या गेल्या. अकरा वर्षांची नोकरी, आणि कुणी साधं 'थांबा' म्हटलं नाही. मला तोंड असतं ना, तर मी गप्प बसलो नसतो!

पुढे ताईंनी दोन वर्षं खपून ती भुकटी नुसती मिसळायची सोडली आणि प्लास्टिकच्या कणाकणाशी पक्की जोडली. आता कितीही पुसा, निघत नाही. मी जंग जंग पछाडलं, पट्टी पेटत नाही. ताईंचं कौतुक झालं, मानचिन्ह मिळालं. चाचणीच्या नियमांत नवं कलम आलं: 'पट्टी नव्वद दिवस रोज ओल्या फडक्याने पुसावी.' त्यासाठी चक्क यंत्र आणलंय! मावशींचा उल्लेख मात्र कुठेही नाही. शोधून दाखवा.

परवा ताई माझ्यापाशी उभ्या राहून पुटपुटल्या, "मी तेव्हा बोलायला हवं होतं."

हवं होतंच! पण हे मला काय सांगता? मावशी दोन गल्ल्या सोडून राहतात, तुमच्या रोजच्या वाटेवर.

मित्रांनो, मला घासूनपुसून लखलखीत ठेवा अशी विनंती मी करणार नाही. काजळी धरली तर धरू दे. पण तुमच्यादेखत खरं बोलणाऱ्या माणसाला कुणी हाकललं, तर तिथल्या तिथे तोंड उघडा. आणि ताई, तुम्ही चपला घाला, आधी मावशींकडे जा. तोवर माझ्याशी बोलायला येऊ नका.