सगळ्यांत मागची वहाण

मी मायाप्पाच्या डाव्या पायातली वहाण बोलतेय. खरं तर आम्ही दोघी आहोत, पण उजवी जन्मापासून अबोल. ती नुसती करकरते. बोलायचं काम माझ्याकडं.

सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात, लिंबाखाली बसणाऱ्या रामहरीनं आम्हाला घडवलं. मायाप्पा उघड्या पायानं कातड्यावर उभा राहिला आणि रामहरीनं त्याच्या पावलाभोवती खडूची रेघ ओढली. डाव्या पायाची करंगळी पार बाहेर निघालेली.

"हिला दाबून बसवू का जागा ठेवू?" रामहरीनं विचारलं.

"जागा ठेव बाबा. लई चाललीया ती."

म्हणून मी उजवीपेक्षा बोटभर रुंद आहे. ती त्यावरून मनात कुढत असेल, पण बोलत नाही.

मायाप्पा मेंढपाळ. दिवाळी सरली की मेंढरं, सामानाचं घोडं आणि बायको कस्तुराबाई यांना घेऊन तो कर्नाटकाकडं निघायचा, तो पावसाच्या तोंडावर परतायचा. सहा वर्षं मी त्याच्यासोबत त्या वाटा तुडवल्या. काळं रान, खडक, बाभळीचे काटे, सगळं अंगावर घेतलं. लोकांना वाटतं मेंढपाळ पुढं चालतो. मायाप्पा कायम कळपाच्या मागं. लंगडं मेंढरू, गाभण मेंढी, कालच जन्मलेलं कोकरू, सगळी मागंच तर असतात.

मग मायाप्पा सत्तरीला टेकला. मुलगा शहाजी सोलापुरात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. त्यानं हट्ट धरला, मेंढरं विकून टाकली आणि आईबापांना विजापूर रोडवरच्या आपल्या घरी आणलं. दुसरा मजला, पांढरीशुभ्र फरशी. पहिल्याच दिवशी तिच्यावर माझ्या तेलाचे डाग उमटले.

"मामा, ह्या आता माळ्यावर ठेवते हं," सून पूनम म्हणाली. तिच्या बोलण्यात तिरसटपणा नव्हता. तिनं नव्या पेठेतून मायाप्पासाठी मऊ रबरी चपला आणल्या आणि आम्हाला पिशवीत गुंडाळून वर टाकलं.

आठ महिने मी माळ्यावर काढले. शेजारी कुकरचा रिकामा खोका आणि एक आकाशकंदील. दोघंही स्वभावानं चांगले, पण चालण्याविषयी त्यांच्याशी काय बोलणार? खालून रबरी चपलांचा आवाज यायचा. दार ते गॅलरी, गॅलरी ते दार.

"बसा की जरा," कस्तुराबाई म्हणायची.

"बसून बसूनच पाय सुजल्यात."

एके सकाळी पिशवी हलली. पूनम स्टुलावर चढली होती. "मामा, काल गच्चीत टाकीभोवती पन्नास फेऱ्या मारल्या म्हणे तुम्ही? खालच्या काकूंनी मोजल्या." तिनं आमच्यावरची धूळ फडक्यानं पुसली, खोबरेल चोळलं आणि आम्हाला दाराबाहेर मांडलं. "घरात नको, पण बाहेर घाला. तळ्यावर जात जा. तिथं खूप लोक चालतात."

मायाप्पानं पाय घातला तेव्हा करंगळी बरोबर आपल्या जागेवर येऊन बसली. बास, एवढंच सांगते.

संभाजी तलावावर पहाटे वीस-बावीस जणांचा एक गट भेटला. गुढीपाडव्याला श्रीशैलला पोचायचं, मल्लिकार्जुनाचं दर्शन घ्यायचं, तेही सोलापुरातून पायी, म्हणून त्यांचा सराव चालला होता. म्होरक्या होता कापडाचा व्यापारी शिवशरण. गोरा, गोल, उत्साही माणूस. दंडाला मोबाइल बांधलेला, तो दर किलोमीटरला काहीतरी बोलायचा आणि शिवशरण ओरडायचा, "चला, वेग वाढवा!" मग सगळे धापा टाकत पळल्यासारखे चालायचे आणि चार फेऱ्यांनी बाकांवर आडवे व्हायचे.

मायाप्पा तीन दिवस नुसता बघत राहिला. चौथ्या दिवशी बाकावर बूट काढून बसलेल्या एका बाईंपाशी थांबला. त्या श्रीदेवी. कचेरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. टाचेला टपोरा फोड.

"ताई, मोजा वला हाय तुमचा. वल्यानंच फोड येतोय. कुटं निगालाय एवडं?"

"श्रीशैलला, काका."

"लांब हाय की. पर वाट चांगली हाय."

"तुम्ही गेलाय?"

"मेंढरं घिऊन तिकडच्या अंगाला जायचो. देवाला न्हाय गेलो. मेंढरं कुणाच्या हवाली करू?"

श्रीदेवी हसल्या, मग सांगत बसल्या. वडील दरवर्षी श्रीशैलला पायी जायचे. मोठी झालीस की नेईन म्हणायचे. मोठी झाल्यावर लग्न लावून दिलं. मग चौतीस वर्षं खुर्चीवर गेली. "आता कुणी न्यायची वाट बघणार नाही," त्या म्हणाल्या. "पण शिवशरण अण्णांनी नियम केलाय. येत्या रविवारी अक्कलकोटपर्यंत चालायचं. दिवस मावळायच्या आत जो पोचणार नाही किंवा सोबतच्या टेम्पोत बसेल, त्याचं नाव यादीतून कट. मी तर सगळ्यांत हळू."

"हळू चालणं वाईट न्हाय," मायाप्पा म्हणाला. "मी बी येतो रविवारी. मलाबी पाय मोकळं करायचं हायती."

रविवारी पहाटे पाचला सगळे निघाले. शिवशरणनं मायाप्पाकडं, मग माझ्याकडं पाहिलं. "बाबा, ह्या वहाणांनी? चाळीस किलोमीटर आहे."

"ह्यांला ठावं हाय," मायाप्पा म्हणाला.

शहर मागं पडेपर्यंत पुढचे दिसेनासे झाले. श्रीदेवी मागं राहिल्या आणि त्यांच्या मागं आम्ही. दहाच्या सुमाराला ऊन चटके द्यायला लागलं. त्यांचे डोळे भरून आले.

"काका, तुम्ही जा पुढं. माझ्यासाठी थांबू नका."

"मागं कुणीतरी लागतंच की ताई. न्हायतर मागचं दमलेलं जाग्यावर बसून ऱ्हातंय." मग त्याला वाटलं, बाईला मेंढरू म्हटल्यासारखं झालं. तो कानकोंडा झाला. "तसं न्हाय म्हणलो मी."

"तसंच म्हणालात," श्रीदेवी डोळे पुसत हसल्या, "आणि बरोबर म्हणालात."

त्यानं त्यांना माझ्या तालावर चालायला लावलं. माझी करकर झाली की एक पाऊल, उजवीची झाली की दुसरं. बोलायचं नाही, घड्याळ बघायचं नाही, पाणी घोटघोट. वळसंग आलं तेव्हा श्रीदेवींचा श्वास संथ झाला होता.

वळसंगच्या पुढं एका चहाच्या टपरीवर शिवशरण बसला होता. एकटाच. बूट काढलेले, पोटरीत गोळे आलेले, चेहरा लालबुंद. दंडावरचा मोबाइल बोलत होता आणि तो त्याला गप्प करत होता. समोर टेम्पो उभा. आत गटातली सात माणसं मान खाली घालून बसलेली.

"बसा अण्णा," ड्रायव्हर म्हणाला.

शिवशरण उठेना. नियम त्याचाच होता. त्यानं आमच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मायाप्पा त्याच्या पायाशी उकिडवा बसला. काही न विचारता पोटरी दोन्ही हातांत घेतली आणि वरून खाली दाबत राहिला. टपरीवाल्या आजी आतून कन्नडमध्ये ओरडल्या, "निधान, निधान!" म्हणजे सावकाश. मायाप्पानं त्यांना कन्नडमध्येच उत्तर दिलं आणि लिंबू-मिठाचं पाणी मागितलं. शिवशरण चकित झाला. घरी तो कन्नडच बोलायचा.

"तुम्हाला येतं?"

"उमर तिकडंच गेली की."

मग दोघं कन्नडमध्ये हळू आवाजात खूप वेळ बोलले. मला सगळं कळलं नाही. एवढं कळलं की मायाप्पानं टेम्पो पुढं पाठवायला सांगितला, आणि उन्हं उतरेपर्यंत कुणी हलायचं नाही, असं ठरवलं. तिघं लिंबाखाली पाय उंच ठेवून झोपले. शिवशरण तर घोरला.

चारला निघालो. आता शिवशरणही माझ्या तालावर चालत होता. सूर्य टेकला, मावळला, तरी कुणी घाई केली नाही. दिवेलागण होऊन गेल्यावर अक्कलकोट आलं. बाकीचे मठाबाहेर काळजीत उभे होते.

शिवशरणनं खिशातून यादी काढली.

"दिवस मावळला," तो म्हणाला. "सगळ्यांत शेवटी मी आलो. म्हणजे पहिलं नाव माझं कट."

"आणि माझं," श्रीदेवी म्हणाल्या.

टेम्पोतून आलेलाच एक जण म्हणाला, "अहो, मग जाणार कोण?" आणि जो हशा उसळला, त्यात यादी कुठं गेली कुणास ठाऊक. शिवशरण मायाप्पाकडं वळला. "काका, श्रीशैलला आमच्या मागं चालाल? वेग तुमचा, विसावा तुम्ही सांगाल तिथं."

मायाप्पानं वाकून माझा पट्टा नीट केला. "घरी इचारतो," एवढंच म्हणाला.

घरी कस्तुराबाई भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मेंढरं इकली तवा म्हणलं, सुटलासा. आता माणसं राकायला निगालासा व्हय?"

"न्हाय म्हणतीस का मग?"

"मी कुटं न्हाय म्हणलं?" ती म्हणाली आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

त्यानंतर महिनाभर सराव नीट झाला. पहाटे निघायचं, उन्हात थांबायचं, उतरत्या उन्हात पुन्हा चालायचं. मायाप्पा दर विसाव्याला माणसं मोजायचा. निघायच्या दिवशी सोलापुरातच त्यानं मोजली, तर एक जास्त भरलं. पुन्हा मोजली. तरी एक जास्त.

रांगेच्या मधोमध कस्तुराबाई उभी होती. डोक्यावर गाठोडं, पदर खोचलेला. मागं पूनम हसू दाबत होती. तिनंच सासूचं नाव चिठ्ठीवर लिहून आणलं होतं.

शिवशरण गडबडला. "आजी, वीस दिवस चालायचंय. सराव केला नाही तुम्ही. जमेल?"

कस्तुराबाईनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "माजा ल्योक शहाजी हाय न्हवं, त्यो वाटंतच जलमला. इंडीच्या अलीकडं. दुसऱ्या दिशी तळ हालला तशी मी बी हालले. ह्ये मेंढरांच्या मागनं चालायचे. मी म्होरं जाऊन, चूल पेटवून, पाणी भरून ह्यांची वाट बगायची. आन् सराव मला इचारता व्हय?"

मायाप्पा जमिनीकडं बघत होता. मग तो पुढं झाला आणि तिच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून आपल्या खांद्यावर घेतलं. इतक्या वर्षांत मी त्याला असं करताना पाहिलं नव्हतं.

आज बारावा दिवस. माझा तळ झिजून पातळ झालाय, एक पट्टा वाटेतल्या गावात बदलावा लागला. श्रीशैलपर्यंत मी टिकेन. परतीचं माहीत नाही, आणि त्याचं दुःखही नाही. वाचकहो, तुमच्या घरात कुणी चालून आलेलं माणूस गप्प बसलं असेल, तर त्याला एकदा विचारा, कुठून कुठवर गेला होतात म्हणून. आणि ते सांगायला लागलं की मध्येच उठू नका.

मला आता निघायला हवं. पुढं, रांगेच्या टोकाला, श्रीदेवींना सोबत घेऊन कस्तुराबाई चाललीय. वळणावर थांबून तिनं मागं बघितलं आणि हात हलवून ओरडली, "उरका की! पाणी भरून ठिवलंय!"