कोनी हाये का घरात?

मी वरवंटा बोलून राह्यलो. मेडशीच्या सोजरबाईच्या पाट्यावरचा. सध्या मुक्काम पुण्याला, सातव्या मजल्यावर, काचेच्या कपाटात. एका बाजूला चिनी मातीचा हत्ती, दुसऱ्या बाजूला सोजरबाईच्या नातवाला, पवनला, ऑफिसात मिळालेला चषक. दोघंही मुके. मीही एरवी तोंड उघडत नाही, दगडाला कसली घाई? पण आता गोष्ट गळ्याशी आली आहे आणि या घरात ती माझ्याशिवाय कुणाला दिसत नाही. बोलणं आमच्या वऱ्हाडातलं आहे, थोडं आडवंतिडवं लागलं तर चालवून घ्या.

मी काळ्या खडकातला. किन्हीराजाकडच्या माळावर एका वडारानं मला फोडलं, घडवलं आणि बाजारात आणलं. सोजरबाईची सासू तुळसाबाई, मोठी चोखंदळ बाई. तिनं सगळे वरवंटे हातात तोलून पाहिले, मला उचललं आणि म्हणाली, "हा बसला बाप्पा हातात." झालं, त्या घरचा झालो.

मिरचीत जन्म गेला माझा. ठेचा, जवसाची चटणी, सणाला पुरण. तेव्हा ते घर म्हणजे बारमाही जत्रा. एक जाऊ वाटायची, दुसरी पाणी शिंपडायची, तिसरी सासूची नक्कल करायची, आणि सासू मागे येऊन उभी राहिली की तिघींचेही चेहरे पाहण्यासारखे व्हायचे. पण खोटं कशाला बोलू? सगळं गोडच होतं असं नाही. सोजरबाईच्या नवऱ्याला, रामकिसनला, बायकोशी दोन शब्द बोलायचे तर गोठ्यात जावं लागे. एका भाकरीवरून दोन दोन दिवस अबोला चाले. सोजरबाई माझ्यावर जोर काढून वाटायची तेव्हा डोळ्यांतलं पाणी मिरचीचं की मनातलं, हे मला बरोबर कळायचं. एकांत म्हणून त्या घरात औषधालासुद्धा मिळत नव्हता.

आणि म्हणूनच त्या घरातलं लेकरू जगत होतं.

तुम्हाला माहीत असेल, बारशाला आधी आमचा मान. मला न्हाऊ घालतात, काजळ-कुंकू लावतात, टोपडं बांधतात. मग पाळण्याच्या खालून वरून बाया मला एकमेकींच्या हातात देतात, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत. आधी दगड पाळण्यात, मग बाळ. आजकालच्या पोरींना ही गंमत वाटते. गंमत नाही ती. दगड आधी ठेवायचा, कारण जी बघायला येते तिनं आधी मला उचलावं.

लोक तिला कायकाय नावं देतात. तुळसाबाई नाव घेत नसे. आमच्या बोलीत 'ती'ला 'थे' म्हणतात, तेवढंच म्हणायची. थे आली होती. थे गेली. तुळसाबाईची पहिली पोर तिनंच नेली होती. शेतातून परत येईपर्यंत पाळणा हलत होता आणि लेकरू थंड पडलं होतं.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भागवत, सोजरबाईचा थोरला, पाळण्यात होता. टळटळीत दुपार. सगळे ज्वारीच्या खळ्यावर. तुळसाबाई नातवाला झोपवून घागर घेऊन विहिरीवर गेलेली. लेकराला दात येईपर्यंत दुपारी मला पायथ्याशी निजवायचं, ही तिचीच रीत. दारात एक बाई आली. डोक्यावर पदर, अंगावर साधं लुगडं, शेजारीण असते तशी शेजारीण. उन्हातून आली होती तरी घाम नव्हता.

"कोनी हाये का घरात?" तिनं विचारलं.

मी दगड. काय बोलणार? भागवत मुठी चोखत होता.

"कोनीच नाही?" असं म्हणून ती उंबरा ओलांडून आत आली. पाळण्याशी वाकली आणि आधी मला उचललं. अहो, आयुष्यभर मी मिरच्या चिरडल्या, पण त्या हातात मला पहिल्यांदा कळलं की दगडालाही गार वाटू शकतं. तिनं मला छातीशी धरलं, थोपटलं, मग हसली. हा दगड आहे हे तिला कळलं होतं. मला खाली ठेवून ती भागवतकडे वळली, आणि तेवढ्यात अंगणातून आवाज आला.

"हावोत ना! समदे हावोत आमी घरात!"

तुळसाबाई होती ती. एकटीच. मागे चिटपाखरू नाही, पण असा दणकून आवाज की वाटावं मागे अख्खी पंगत उभी आहे. ती बाई मागच्या दारानं गेली. घागर फुटली होती, तुळसाबाईचे पाय ओले झाले होते आणि ती लेकराला घट्ट धरून बसली होती.

संध्याकाळी तिनं सुनेला जवळ बसवलं. "सोजर, ध्यानात ठेवजो बाई. दुपारी दारात हाक आली आन् आवाज ओयखीचा नसला, त 'मी एकली हावो' असं कवाच म्हनू नोको. समदे हावोत म्हनाचं. थे एकल्यालेच नेते."

पुढं काय झालं ते तुमच्याही घरात झालंच असेल. मिक्सर आला, मी कोपऱ्यात गेलो. जावांच्या चुली वेगळ्या झाल्या, मग घरं, मग गावं. तुळसाबाई गेली, रामकिसन गेला. भागवतचा पवन शिकून पुण्याला लागला, निकिताशी लग्न केलं. दोघं एकमेकांशी मोकळेपणी बोलतात, हसतात, तो तिला चहा करून देतो. चांगलंच आहे की. रामकिसनला गोठ्यात जावं लागायचं ते काही चांगलं नव्हतं.

पवनला मुलगा झाला. उत्कर्ष. बारसं वाशीमला हॉलमध्ये. फुगे, कमान, फोटोवाला. सोजरबाईनं मला पिशवीतून नेलं होतं, घासूनपुसून, टोपडं घालून. निकिता घाबरली.

"आजी, दगड नको ना बाळाजवळ. लागेल त्याला."

"लागत नाही माय. तुह्या सासऱ्याले नाही लागला."

पोरगी मनानं वाईट नाही. म्हातारीचा पडलेला चेहरा पाहून म्हणाली, "बरं, एक फोटो होईपर्यंत ठेवू." तेवढ्यापुरता मी पाळण्यात निजलो. फोटोवाला म्हणाला, "आजी, स्माइल." सोजरबाई काही हसली नाही.

मग निकिताची सुट्टी संपत आली. बाळाजवळ कोण? तर मंजुषा, भागवतची बायको. मंजुषा गेली तर भागवतच्या भाकरीचं काय? म्हणून तोही निघाला. शेत अर्ध्या वाट्यानं, बटईनं दिलं. आणि हे ठरत होतं त्याच दिवसांत मेडशीच्या घरी दुपारी हाक यायला लागली.

"कोनी हाये का घरात?"

भागवत-मंजुषा वाशीमला खरेदीला गेलेले असत. सोजरबाई बाजेवर उठून बसायची, पदर सावरायची आणि सासूसारखं ओरडायची, "समदे हावोत!" आवाज चिरका व्हायचा, पण ओरडायची. पावलं परत जायची. मग ती माझ्याकडे पाहून पुटपुटायची, "लेकराच्या वासावर आली रे थे. घरात नवं पोट्टं आलं हे समजलं तिले."

इथंच चुकली माझी बाई. अगं, लेकरू तर तिकडे पुण्यात. मग ही इकडे कुणाच्या दारात उभी राहते? पण लेकरामागे जीव टाकायची सवय लागलेल्या बाईला आपलाही जीव जाऊ शकतो, हे सुचतच नाही.

निघायच्या दिवशी दारात गाडी. भागवत म्हणाला, "माय, तू बी चाल ना. कायले एकली राह्यतं?"

"मी आली त घराले कुलूप लागते. दिवा कोन लावीन? आन् तुमच्या त्या डब्यात बसून वर जाची मले धडकी भरते." मग तिनं मला आणून मंजुषाच्या मांडीवर ठेवलं. "हा उत्कर्षजवळ राहू दे. दात येईपर्यंत तरी."

"आत्याबाई, जोडी फुटते ना पाट्याची," मंजुषा म्हणाली.

"फुटू दे. पोट्टं महत्त्वाचं."

त्या क्षणी मला तोंड हवं होतं. मी गरागरा घरंगळलो असतो, कुणाच्या पायावर पडलो असतो, काहीतरी केलं असतं. पण मंजुषानं मला चादरीत अर्धवट गुंडाळलं. गाडी निघाली तेव्हा मागच्या काचेतून सोजरबाई दिसत होती, दारात हात हलवत उभी. तिच्या मागे घरात सावली होती आणि त्या सावलीत कुणी असेल का, एवढाच विचार मी पुण्यापर्यंत केला.

इथं येऊन पाहतो तर काय! या लेकराइतकं राखलेलं लेकरू मी जन्मात पाहिलं नाही. पाळण्यावर कॅमेरा. पोर कुशीवर वळलं तरी निकिताच्या ऑफिसात फोन किणकिणतो. मंजुषा उशाशी, भागवत पायथ्याशी, वर डॉक्टरचं वेळापत्रक. आणि खाली वॉचमन, जो नाव-गाव लिहून घेतल्याशिवाय आत सोडत नाही. ती बाई इथं एकदाही आली नाही. कशाला येईल? तिला एकलं माणूस लागतं. पूर्वी घरात एकलं कोण असायचं? चुकून एखाद्या दुपारी लेकरू. म्हातारं माणूस घराच्या मधोमध बसलेलं असायचं, सगळे त्याला ठेचकाळत जायचे. आता लेकराभोवती पहारा आहे आणि म्हातारं माणूस दार उघडं टाकून बसलेलं आहे. तिनं आपलं गिऱ्हाईक बदललं, एवढंच.

रविवारी दुपारी जेवणं झाली की मेडशीला फोन लावतात. पवन तो मोठ्या टीव्हीवर दाखवतो, म्हणजे सगळ्यांना दिसतं. मलाही दिसतं, माझं कपाट समोरच आहे. सोजरबाई फोन मिठाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि बाजेवर बसून बोलते. मागे उघडं दार.

पहिल्याच रविवारी मला दारात पदर दिसला.

पवनला काय माहीत. त्यानं काळजीनंच विचारलं, "आजी, घरात कोण आहे गं तुझ्याजवळ?"

मी काचेच्या आत ओरडलो, समदे म्हण! समदे हावोत म्हण! पण घरच्या माणसानं विचारलं होतं. घरच्या माणसाशी कुणी खोटं बोलतं का?

"कोनी नाही बाप्पा," सोजरबाई म्हणाली. "मी एकलीच हावो."

मागची बाई उंबरा ओलांडून आत आली.

त्यानंतरचा प्रत्येक रविवार मी मोजत नाही, मला भीती वाटते. एकदा ती चुलीशी उभी होती. एकदा माझ्या पाट्याजवळ बसलेली, नुसती. मग बाजेच्या कडेला. यांना काही दिसत नाही. हे म्हणतात, "आजी, गोळ्या घेतल्या का?" "आजी, फोन जरा वर धर, कपाळच दिसतंय." निकिता म्हणते, "दिवाळीला नक्की येतो हं." मनापासून म्हणते. पवननं तर मेडशीच्या घरातही कॅमेरा बसवायचं ठरवलं आहे.

मागच्या रविवारी सोजरबाई खूप बरी वाटत होती. चेहरा मोकळा. "लय हलकं वाटून राह्यलं आज," ती म्हणाली. "केसातून कोनी हात फिरवून राह्यलं असं वाटते. तुह्या आजोबाच्या मायनं फिरवला होता एकखेप, मी बाळंतीन होती तवा. त्याच्यानंतर कोनी नाही फिरवला."

ती बाई तिचे केस विंचरत होती. सावकाश, गुंता काढत. आणि खरं सांगू का, सोजरबाईनं डोळे मिटून मान थोडी मागे टाकली तेव्हा मला त्या बाईचा राग आला नाही. राग आला तो इकडच्या सोफ्यावर बसलेल्यांचा. एवढंच तर हवं होतं म्हातारीला!

उत्कर्षनं टीव्हीकडे पाहून हात हलवला. "पणजीला टाटा केला, टाटा केला!" सगळे टाळ्या वाजवायला लागले. पण पोराची नजर पणजीच्या जरा वर होती, आणि वरून कुणीतरी त्याला हात हलवून दाखवला.

आज रविवार. जेवणं झाली आहेत. मेडशीला फोन वाजतोय, बराच वेळ वाजतोय. भागवत दात कोरत म्हणतो, "झोपली असीन."

लागला. टीव्हीवर घर दिसतंय, बाज दिसतेय. बाजेवर सोजरबाई कुशीवर निजलेली, केस नीट विंचरून बांधलेले, अंगावर पांघरूण सारखं केलेलं. दोन्ही हात उशाखाली.

"पाहा, झोपल्याच हायेत," मंजुषा हळू आवाजात म्हणते. "राहू द्या, नका उठवू. संध्याकाळी लावू."

भागवत मान डोलावतो. पवन रिमोट शोधतोय.

अरे भागवत, तुझी माय झोपली आहे ना? मग फोन कुणी उचलला? विचार की रे! कुणीतरी विचारा!